वेबकॉमिकमध्ये कोणीतरी फेरफार करतं आणि तेच मीम टेम्प्लेट होऊन सगळीकडे फिरतं, हे नेमकं कसं घडतं?

मी बरीच वर्षं चार चौकटींची वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथा, काढतेय, आणि दुसऱ्यांच्या कॉमिकमधले संवाद पुसून रिकामी टेम्प्लेटही, म्हणजे कोणीही आपले शब्द भरावेत असे साचे, केली आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

मीम होताना सगळ्यात मोठं काम कात्री करते. जळत्या घरात बसलेला तो कुत्रा तुम्ही नक्की पाहिला असेल. के. सी. ग्रीन यांच्या 'गनशो' या वेबकॉमिकमध्ये जानेवारी २०१३ मध्ये तो आला, आणि मूळ कॉमिक सहा चौकटींचं आहे. पहिल्या दोन चौकटींत भोवती आग, टेबलावर कॉफीचा मग आणि कुत्र्याचं 'धिस इज फाइन', म्हणजे 'सगळं ठीक आहे'. पुढे तो स्वतःची समजूत घालत कॉफी पितो, त्याचा हात पेटतो आणि शेवटी चेहरा वितळून जातो. फिरत राहिल्या त्या फक्त पहिल्या दोन चौकटी. एक शब्दही न बदलता शेवट तेवढा गेला, आणि ती आग कोणाचीही झाली: परीक्षेची, डेडलाइनची, निवडणुकीची. कुत्रा वितळलेला दिसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. मग वाचकाला त्यात स्वतःचं काय घालता आलं असतं?

कात्रीनंतर येतं खोडरबर. कोणतं कॉमिक चालेल ते ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे. संवादांवर अंगठा ठेवायचा आणि बघायचं, कोण घाबरलंय, कोण ठाम आहे, कोण कोणाला टाळतंय हे नुसत्या चित्रावरून कळतं का. कळलं तर टेम्प्लेट होऊ शकतं. सगळा विनोद शब्दांत असेल तर कॉमिक कितीही छान असो, त्याचं मीम होत नाही.

पुसायचं काम वाटतं तितकं सोपं नसतं. संवादाचा फुगा पांढरा दिसतो, पण दहा ठिकाणी सेव्ह होऊन आलेल्या जेपीजी चित्रफाइलमध्ये अक्षरांभोवती करडे ठिपके साचलेले असतात. त्यावर शुद्ध पांढरा रंग फासला की ठिगळ उठून दिसतं. म्हणून मी आयड्रॉपर या रंग उचलायच्या साधनाने शेजारचाच रंग उचलून भरते. फुग्याची शेपटीही जपावी लागते, नाहीतर कोण बोलतंय तेच कळत नाही. एवढं एकाने नीट करून ठेवलं की बाकीच्यांना फक्त टाइप करायचं उरतं. टेम्प्लेटवर शब्द टाकून देणाऱ्या मीम जनरेटर वेबसाइटवर ते चढलं की चित्र अजिबात न काढता येणारा माणूसही फोनवर मिनिटभरात आपली आवृत्ती बनवतो. माझ्या मते खरा वेग इथे येतो.

कधी कधी वाक्यच साचा होतं. ॲली ब्रॉश यांच्या 'हायपरबली अँड अ हाफ' या चित्रमय ब्लॉगमधली, हात उंचावून 'क्लीन ऑल द थिंग्ज' (सगळंच्या सगळं साफ करा) असं ओरडणारी आकृती २०१० मधली. लोकांनी क्रियापद आणि वस्तू बदलली, मधलं 'ऑल द' तसंच ठेवलं.

आणि फेरफार किती टोकाला जाऊ शकतो ते 'लॉस' नावाच्या कॉमिकमध्ये दिसतं. टिम बकली यांच्या 'कंट्रोल-ऑल्ट-डिलीट' या गेमिंगवरच्या विनोदी वेबकॉमिकमध्ये २ जून २००८ ला अचानक मिसकॅरेजचा प्रसंग आला. चार चौकटी, संवाद एकही नाही. नायक दारातून धावत येतो, रिसेप्शनवर विचारतो, डॉक्टरांशी बोलतो, आणि शेवटी खाटेवर आडव्या पडलेल्या जोडीदाराशेजारी उभा राहतो. हा बदल अनेकांना खटकला आणि विडंबनं सुरू झाली. आधी पात्रं बदलली, मग चेहरे गेले, मग शरीरंही गेली. उरल्या नुसत्या रेघा: पहिल्या चौकटीत एक उभी, दुसरीत दोन, त्यातली एक आखूड, तिसरीत परत दोन, आणि शेवटच्या चौकटीत एक उभी, एक आडवी. तेवढ्यावरूनही लोक ते ओळखतात. मला यातली मांडणीची ताकद थक्क करते, पण एवढ्या दुःखाच्या प्रसंगाची चेष्टा झाली हे अजूनही बोचतं.

या सगळ्यात सर्वात आधी कापली जाते ती सही, कारण ती बहुधा शेवटच्या चौकटीच्या कोपऱ्यात असते. माझंही एक कॉमिक असंच बिननावाचं फिरलं होतं. ग्रीन यांच्या कुत्र्याचं चित्र २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाने ट्विटरवर वापरलं, ते ग्रीन यांना आवडलं नाही. त्याच वर्षी त्यांनी नवं कॉमिक काढलं, त्यात तोच कुत्रा भानावर येऊन आग विझवतो. मॅट फ्युरी यांच्या पेपे बेडकाचं तर याहून वाईट झालं. निवांत चेहऱ्याचं ते पात्र द्वेष पसरवणाऱ्यांनी उचललं आणि फ्युरी यांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

मी आता प्रत्येक चौकटीत पात्राच्या पायाशी, रेषेला लागूनच सही करते. रिकामं टेम्प्लेटही स्वतःच टाकते, म्हणजे निदान पहिली प्रत तरी नावासकट बाहेर जाते.