वेड पांघरलंय की खरंच कळत नाहीये?

अगं पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला, तेव्हाच उत्तर देणार होते पण हे दोन ओळींत सांगण्यासारखं नाहीये म्हणून आज निवांत बसून लिहितेय. तुझं म्हणणं असं की टीममधल्या त्या माणसाला चार वेळा समजावलं तरी तो तीच चूक करतो, वर तोंडाकडे बघत बसतो, आणि आता तुला खात्रीच वाटायला लागलीय की एवढं मठ्ठ कुणी असूच शकत नाही, हा वेड पांघरून पेडगावला चाललाय. आणि शेवटी तू विचारलंयस की अशी माणसं खरंच तशी असतात की सगळी सोंगंच असतात.

हा प्रश्न फार जुना आहे गं. रोमचा सम्राट क्लॉडियस, तो पाय ओढत चालायचा, बोलताना अडखळायचा, आणि घरातल्यांनीच त्याला मंद ठरवून टाकलं होतं. त्याच्या आधीचा सम्राट कॅलिग्युला भयंकर माणूस होता, तो मारला गेला आणि इ. स. 41 मध्ये हा मंद समजला गेलेला क्लॉडियस गादीवर आला. मग तो भाषणांत सांगायला लागला की मी मुद्दाम मूर्खपणाचं सोंग घेतलं होतं, नाहीतर जिवंतच राहिलो नसतो. सुएटोनियस नावाचा रोमन चरित्रकार लिहितो की लोकांना हे काही पटलं नाही, उलट थोड्याच दिवसांत एक पुस्तक निघालं ज्यात म्हटलं होतं की मूर्खपणाचं सोंग कुणी घेतच नसतं. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीही लोक याच्यावर भांडत होते बघ, आणि मला विचारशील तर दोन्ही बाजू थोड्या थोड्या चुकत होत्या.

सोंग घेणारे असतात, नक्की असतात, त्याबद्दल शंका नको. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तहेर खात्याने शत्रूच्या ताब्यातल्या भागातल्या साध्या कामगारांसाठी घातपाताची एक पुस्तिका काढली होती, त्यात बाकीच्या सूचनांमध्ये एक सरळ सूचना आहे की मूर्खासारखं वागा. बिचाऱ्या अडकलेल्या माणसाकडे दुसरं हत्यार नसतं तेव्हा न कळण्याचं सोंग हेच हत्यार होतं, आणि ते मला अजिबात हलकं वाटत नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही तो "मला कळलं नाही" म्हणतो. त्यामुळे उद्या जरी तुला कळलं की तो माणूस खरंच सोंग घेतोय, तरी पहिला प्रश्न स्वतःला विचार की या माणसाला माझ्यासमोर सरळ नाही म्हणता येतं का.

पण ओळखायचं कसं, हे तुला हवंय. तर ऐक, यात एक गोष्ट मला कायम उपयोगी पडली.

मानसशास्त्रात एक प्रकारची टेस्ट असते, कुणी स्मरणशक्ती गेल्याचा दावा करत असेल, म्हणजे अपघाताची भरपाई वगैरे मागताना, तेव्हा वापरतात. आधी 50 चित्रं दाखवायची, मग दोन-दोन चित्रं समोर ठेवून विचारायचं की यातलं आधी कुठलं बघितलंस. आता ज्याला खरंच काहीच आठवत नाही तो नुसता अंदाज मारत गेला तरी निम्मी, पंचवीसच्या आसपास, बरोबर येणारच. पण एखाद्याची दहाच बरोबर आली तर? एवढं चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. सगळेच सोंगाडे असे पकडले जातात असं नाही, बरेचसे एवढे चुकत नाहीत, पण त्यामागची गोष्ट लक्षात घे, खऱ्या न कळण्याला दिशा नसते. ते कधी इकडे चुकतं कधी तिकडे, कधी चुकून बरोबरही येतं. सोंगाला दिशा असते.

मी नवीन होते तेव्हा आमच्याकडे एक वयाने मोठे सहकारी होते. दर महिन्याला हजेरीच्या तक्त्यात चुका. आकडा एका रकान्यातला दुसऱ्यात, तारखा पुढेमागे, आणि समजावायला गेलं की "हो हो, कळलं" म्हणायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात मी सगळ्यांसमोर म्हणाले की तुम्ही मुद्दाम करताय. ते काही बोलले नाहीत, तक्ता घेतला आणि जागेवर जाऊन बसले. नंतर जुने तक्ते तपासताना मला दिसलं की त्या चुकांमध्ये त्यांनी स्वतःचाच ओव्हरटाइम कमी लावून घेतला होता, एकदा नाही, तीनदा. कामचुकार माणूस स्वतःचे पैसे कशाला बुडवेल? मग मी नीट बघायला लागले. ते कागद खिडकीशी नेऊन लांब धरायचे, ओळीखाली बोट ठेवायचे, ओठ हलायचे, आणि नवीन आलेला फॉर्म पूर्ण इंग्रजीत होता. त्यांना तो वाचताच येत नव्हता गं. आठवणीने भरत होते, जुन्या फॉर्मचे रकाने जिथे होते तिथे.

मी त्यांची माफी मागितली, एकट्यात. पण बोललेलं सगळ्यांसमोर होतं आणि ते काही परत घेता आलं नाही, ते आजही टोचतं.

त्याच ऑफिसात दुसरा एक होता, काम आलं की त्याला सिस्टीम "जमायची नाही", पासवर्ड आठवायचा नाही, कुठलं बटण दाबायचं कळायचं नाही, शेवटी ते काम कुणीतरी दुसराच करून टाकायचा. पण त्याच सिस्टीमवर स्वतःच्या प्रवासखर्चाची बिलं मात्र वेळेत, एक रुपया इकडचा तिकडे नाही. त्याची प्रत्येक चूक त्याच्याच फायद्याकडे वळायची. हा सोंग घेत होता, आणि हे कळायला मला त्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं नाही. चेहऱ्यावरून ठरवायच्या भानगडीत पडूच नकोस, गोंधळलेला चेहरा आणि नाटकी चेहरा दोन्ही सारखेच दिसतात.

आता त्या मोठ्या सहकाऱ्यांकडे परत ये, कारण मला खरं त्यांच्याबद्दलच बोलायचंय. सोंग तेही घेत होतेच की! फक्त उलटं. कळल्याचं सोंग. "हो हो, कळलं." आणि एवढी वर्षं माणसांबरोबर काम केल्यावर माझं मत असं झालंय की न कळल्याचं सोंग घेणारे थोडे, कळल्याचं सोंग घेणारे खूप. मीटिंगमध्ये मान डोलावणारे, वर्गात "समजलं का" विचारल्यावर हो म्हणणारे, डॉक्टरांसमोर गोळ्या कशा घ्यायच्या ते न कळता उठून येणारे. आणि ज्याला एकदा मूर्ख म्हटलं जातं तो पुढच्या वेळी प्रश्न विचारत नाही, गप्प राहून अंदाजाने काम उरकतो, मग आणखी चुकतो आणि आपण म्हणतो बघा, सांगितलं तरी कळत नाही.

आणि तुझं ते "चार वेळा समजावलं", रागावू नकोस, पण त्याच्याकडेही एकदा बघ. 1990 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीने प्रयोग केला होता, एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटाने वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी तरी ओळखतील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं ना, त्यामुळे त्याला ते इतकं स्पष्ट वाटतं की समोरच्याला नुसती टकटक ऐकू येतेय हे सुचतच नाही. चार वेळा समजावलंस म्हणजे कदाचित चार वेळा तशीच टकटक केलीस.

म्हणून पाचव्यांदा समजावू नकोस. आधी त्याच्या गेल्या दोन-तीन महिन्यांच्या चुका काढ आणि प्रत्येक चुकीपुढे लिही की यात नुकसान कुणाचं झालं. सगळी कामं त्याच्या अंगावरून दुसऱ्याकडे ढकलली गेली असतील तर सोंग आहे, मग गोड बोलून उपयोग नाही आणि आरडाओरडा करूनही नाही, ते काम नावानिशी, तारखेनिशी त्याच्याकडेच ठेवायचं आणि दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नाही. पण चुका विखुरलेल्या असतील, त्यात त्याचंही नुकसान असेल, तर त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बस, कुणी नसताना, आणि "कळलं का" हे दोन शब्द अजिबात विचारू नकोस, त्यांचं उत्तर नेहमी हो असतं. म्हण की तुम्ही करून दाखवा, मी बघते. आणि हात मध्ये घालू नकोस, कितीही वेळ लागला तरी. कुठल्या जागी त्याचा हात थांबतो तेवढंच बघ.

सोमवारी बसशील ना त्याच्याजवळ? हात कुठे थांबला ते मला कळव.