भाच्याला, वय सहा, एएलएल (रक्ताचा एक कॅन्सर) निघालंय. आम्ही ठाण्यात राहतो. उपचार कुठे करायचे आणि खर्च कसा पेलायचा?

आधी घरात सगळ्यांना सांगा की मुलांमधला एएलएल बहुतेकदा बरा होतो. यात अस्थिमज्जेत कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि लाल पेशी, प्लेटलेटना जागा उरत नाही. म्हणूनच तो फिकट दिसतो, अंगावर निळे डाग उठतात.

खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचंच केंद्र. ठाण्याहून पनवेल लोकल थेट खारघरला जाते. केमो साधारण दोन-अडीच वर्षं चालते, पहिले काही महिने सगळ्यात कठीण. माझ्या मुलीच्या वेळी फाइल, थर्मामीटर आणि उकळलेल्या पाण्याची बाटली अशी एक पिशवी दाराशी तयार असायची. ताप आला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही.

खर्चाचं म्हणाल तर आम्हाला केमोच्या औषधांपेक्षा संसर्ग झाल्यावरचं ॲडमिशन, प्लेटलेट आणि बुडालेला पगार जड गेला. पैसे भरण्याआधी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या सरकारी योजनेच्या मदतनीसाला भेटा. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. समाजसेवा विभागातही जा, ट्रस्टची मदत तिथूनच मिळते. मागायला अजिबात लाजू नका.