साताऱ्यात घरामागे चूल पेटवायला परवानगी लागते का?

घरच्या स्वयंपाकाला किंवा आंघोळीचं पाणी तापवायला चूल पेटवायची तर वेगळा परवाना लागत नाही. भांडण होतं ते धुरावरून. दाटीच्या पेठेत शेजारच्या खिडकीत धूर शिरला तर तक्रार येणार, आणि ती रास्तच.

सरपण पावसाळ्याआधी फोडून पडवीत रचा. दोन लाकडं एकमेकांवर आपटून टणटण वाजली की वाळली समजायची. बद्द आवाज आला तर धूरच धूर. पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी नको (आमच्याकडे सर्रास घालतात!).

झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी आंबा, जांभूळ, चिंच तोडायला महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी हवी.

आणि थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन दारं लावून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.