स्कीइंग करणारे लोक वर्षानुवर्षं एकाच डोंगरावर का जातात? कंटाळा येत नाही का?

येत नाही, कारण बर्फ रोज बदलतो आणि एकाच डोंगरावर दहा जागी दहा तऱ्हेचा असतो. मार्चमध्ये पूर्वेकडचा उतार सकाळच्या उन्हात आधी मऊ होतो, उत्तरेकडचा बराच वेळ टणक राहतो. वारा उघड्या कड्यावरचा बर्फ उडवून आडोशाला नेऊन टाकतो. त्यामुळे हिमवृष्टीला दोन दिवस उलटले तरी कुठल्या झाडांमागे भुसभुशीत बर्फ मिळेल, हे नेहमीच्या माणसाला ठाऊक असतं. पाहुणा मात्र नकाशा बघून जातो आणि आदल्या दिवशी वितळून रात्री गोठलेल्या पट्ट्यावर आपटतो.

एकाच डोंगरावरच्या अशा जिव्हाळ्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला मॅड रिव्हर ग्लेन हा स्कीइंगचा डोंगर. १९४८ पासून तिथे माणसांना तारेवरच्या खुर्च्यांतून वर नेणारी, पण एका खुर्चीत एकच माणूस बसेल अशी लिफ्ट आहे. २००७ मध्ये तिची पूर्ण डागडुजी झाली, तरी खुर्ची एकट्याचीच ठेवली. वेडेपणा वाटेल, पण तासाला माणसं कमी वर गेली की उतारावरचा बर्फ लवकर घासला जात नाही. कृत्रिम बर्फ अगदी थोडा, स्नोबोर्डला (दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर बांधून घसरायला) बंदी. १९९५ मध्ये स्कीवाल्यांनीच सहकारी संस्था काढून डोंगर विकत घेतला. (सहकार म्हटलं की आपल्याला फक्त साखर कारखाना आठवतो!)

तोटाही आहे: बर्फ कमी पडला की दगड उघडे पडतात आणि स्कीचा तळ ओरबाडला जातो. अशा दिवसांसाठी जुनी जोडी वेगळी ठेवायची.