शाळेत न गेलेले वामनदादा कर्डक गाणी कशी लिहू लागले?

मी काही अभ्यासक नाही. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, कर्ण्यावर वाजणारी वामनदादांची भीमगीतं ऐकत मोठा झालो, तेवढ्या ओळखीवर सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. जलसेवाले (गाण्या-सोंगांतून आंबेडकरी विचार पोचवणारे) भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा वेगळे. दोघेही नाशिककडचे, त्यामुळे भलेभले गडबडतात.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत आल्यावर पडेल ते काम केलं: गिरणी झाली, कोळशाची वखार झाली, चिक्की आणि आइसफ्रूटही विकून झालं. राहायला शिवडीची बीडीडी चाळ. तिथे समता सैनिक दलाचं, म्हणजे बाबासाहेबांच्या स्वयंसेवक संघटनेचं, काम करायचे. एकदा कुणीतरी एक पत्र हातात दिलं, ‘जरा वाचून दाखवा’ म्हणून. दादांना अक्षरओळख नव्हती. ही लाज त्यांच्या फार जिव्हारी लागली. मग देहलवी मास्तरांकडून मुळाक्षरं शिकले. आणि जोडाक्षरं? ती दुकानांच्या पाट्यांवरून. रस्त्याने जाताना एकेक पाटी वाचत जायची, हीच त्यांची पुढची इयत्ता.

३ मे १९४३ ला पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचं विडंबन. ‘चालीवरचं गाणं’ म्हटलं की अजूनही काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. चाल आधीच लोकांच्या ओठांवर असली की शब्द पहिल्याच फटक्यात पोचतात, आणि एक मात्रा जरी जास्त झाली तरी गाताना लगेच ठेच लागते. कागदावर खपून जाईल ते तोंडात खपत नाही. पुढे हजारो गाणी रचणाऱ्या माणसाला याहून कडक तालीम कुठे मिळणार होती?

‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ हे गाणं ऐकून बघा. ‘लोक असते’ला ‘टोक असते’ असा गझलेचा काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागे तसाच परत येणारा शब्द) चोख बसलाय. शिवाय बोल कुणाला लावलाय? शत्रूला नाही, स्वतःला भीमाचे म्हणवणाऱ्या आपल्याच माणसांना. भर जयंतीत हे ऐकताना माना खाली गेलेल्या मी पाहिल्यात.

त्यांचा ‘वाटचाल’ हा संग्रह आला १९७३ साली. म्हणजे पहिल्या गाण्यानंतर ३० वर्षांनी. तोवर ही गाणी गावोगावच्या गायकांच्या वह्यांत आणि बायाबापड्यांच्या तोंडी होती.