कोच काय विचारेल ते सोडा, आधी ट्रान्सक्रिप्ट काढा

ताई, मुलगी अकरावीत, पोहते, डिव्हिजन वनच्या, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, कोचने कॅम्पसवर बोलावलंय आणि तिथे नक्की काय होतं हे तुम्ही विचारताय, वाचून आमचंच घर आठवलं. आम्ही न्यू जर्सीत, लेक आता कॉलेजात पोहते.

ऑफिशियल (खर्च कॉलेजचा) आणि अनऑफिशियल (खर्च आपला) भेटीतला फरक तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही. दिवस साधा असतो, कोचच्या केबिनमध्ये गप्पा, कॅम्पस टूर, काठावर बसून टीमची प्रॅक्टिस बघायची, टीमच्या मुलींबरोबर जेवण. डिव्हिजन वनमध्ये ट्रायआउट घ्यायला बंदी आहे, त्यामुळे पोहून दाखव वगैरे कुणी म्हणणार नाही, टाइम्स त्यांनी आधीच बघितलेले असतात. त्यांना बघायची असते मुलगी, ती कशी बोलते, थकलेल्या मुलींमध्ये कशी मिसळते. आणि आपल्याकडे काय, प्रश्न मुलीला आणि उत्तर बाबांचं! बाबांना गप्प बसवा, हे काम तुमचं.

पण आमचं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कोचने गप्पांच्या मध्येच ट्रान्सक्रिप्ट (शाळेतल्या कोर्स आणि ग्रेड्सची नोंद) उघडलं आणि म्हणाला, हा सायन्सचा कोर्स एनसीएएच्या (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) मंजूर यादीत दिसत नाही. डिव्हिजन वनला १६ कोर कोर्स, म्हणजे मंजूर यादीतले मुख्य विषयांचे कोर्स, लागतात, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत, आणि त्या १० मधले ७ इंग्लिश, मॅथ्स, सायन्सचे. हायस्कूलच्या काउन्सेलिंग ऑफिसला आम्ही आधी विचारलं होतं हो, उत्तर मिळालं "सगळं चालतं, काळजी करू नका". भेटीनंतर मेल केले, फोन केले, एक बाई म्हणते दुसरीला विचारा, दुसरी सुट्टीवर, जूनमध्ये ऑफिसच बंद! तोवर समर कोर्सची मुदत गेली आणि कोचने जागा दुसरीला दिली. त्याचा मला राग नाही, आता टीममध्ये किती मुलं ठेवायची यावरच मर्यादा आहे, कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या खटल्यातली २०२५ ची सेटलमेंट (तडजोड) मान्य केलेल्या कॉलेजांत स्विमिंगला ३०, तो कुणासाठी किती थांबणार? राग त्या ऑफिसचा आहे, अजूनही.

म्हणून भेटीच्या आधी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (खेळाडूंची पात्रता तपासणारं केंद्र) साइटवर तुमच्या शाळेची मंजूर यादी उघडा आणि ट्रान्सक्रिप्टवरचा एकेक कोर्स त्याच नावाने त्यात आहे का ते स्वतः ताडून बघा. ऑफिसवर विसंबू नका. अर्थात मी काही कम्प्लायन्सवाली (नियम पाळले जातात का ते बघणारी) नाही, नियम सारखे बदलतात, कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला विचाराच. आणि हे सगळं स्विमिंगपुरतं, बाकी खेळांचं मला कळत नाही.

पैशांचं विचारायला लाजू नका. तोंडी ऑफर कुणालाच बांधून ठेवत नाही, तेव्हा स्कॉलरशिप एका वर्षाची की चार, खांदा दुखावला तर काय, हे ईमेलवर घ्या. डिव्हिजन थ्रीलाही बघून ठेवा, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते पण अभ्यासावर चांगले पैसे मिळू शकतात, आमची शेवटी तिथेच गेली आणि मजेत आहे.

मुक्काम असेल तर टीममधल्याच मुलीच्या खोलीवर झोपवतात, रात्री कुठे पार्टीला नेलं तर सकाळपर्यंत कोचच्या कानावर जातं असं समजूनच वागायला सांगा तिला. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर चीज पिझ्झा ठरलेला.