सोडियमचा सिग्मा २.४ आला म्हणून ॲनालायझर बदलायचा का?

तुमचा प्रश्न असा: लॅबच्या ॲनालायझरवर (रक्त तपासायच्या मशीनवर) ग्लुकोजचा सिग्मा, म्हणजे चाचणी किती भरवशाची याचा आकडा, ५.८, सोडियमचा २.४, इंजिनीअर म्हणतो मशीन ठीक आहे, सर म्हणतात नवं घेऊ. मी इंजिनीअरच्या बाजूने, पण अर्धाच.

सिग्मा म्हणजे चालेल एवढी चूक (टीईए) वजा बायस (खऱ्या आकड्यापासून एकाच बाजूला राहणारा फरक), भागिले सीव्ही (पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकडे किती विखुरतात ते, टक्क्यांत). सोडियमला क्लियाची (अमेरिकेच्या लॅब-नियमांची) मुभा ±४ मिलिमोल, म्हणजे १४० वर जेमतेम २.९ टक्के. तुमचा सीव्ही १ टक्का, बायस ०.५. बायस शून्यावर आणलात तरी सिग्मा किमान मानला जाणारा ३ गाठत नाही! शरीरच सोडियम इतकं घट्ट धरून ठेवतं की मुभा अरुंदच असणार. ग्लुकोजला ८ टक्के आहेत, आणि तेही २०२५ पासून. आधी १० होते. तुमचाच सीव्ही १.२ आणि बायस १ जुन्या मर्यादेत घाला, सिग्मा ७.५ येतो. मशीन तेच, रीएजंट तेच. म्हणून टीईए कुठली घेतली हे न लिहिलेला सिग्माचा तक्ता मी वाचतच नाही.

आता दोष कुठे ते बघा. बायसला दीडपट सीव्हीने भागा: ०.३३. हा आकडा ०.८ च्या खाली असला की गडबड विखुरण्यात आहे, त्यामुळे पुन्हा पुन्हा कॅलिब्रेशन करून काही होणार नाही. आमच्याकडे असंच झालं होतं. सोडियमचा इलेक्ट्रोड बदलला, ढिम्म फरक नाही. शेवटी कळलं की कंट्रोलची (मशीन पडताळायच्या, आकडा माहीत असलेल्या नमुन्याची) वायल एसीखाली उघडी राहायची. पाणी उडालं की सोडियम चढणारच. शिवाय कंट्रोलची पावडर विरघळवताना ५ मिली पाणी जी हाताला येईल त्या पिपेटने घातलं जायचं. काचेची व्हॉल्युमेट्रिक पिपेट ठेवली, अ‍ॅलिकॉट करून (छोट्या कुप्यांत वाटून) झाकणं लावली, सीव्ही ०.७ वर आला. त्याच बायसवर सिग्मा ३.४.

बायस कंट्रोलच्या माहितीपत्रकावरून काढला असेल तर तोही सोडा. वेल्लोरच्या सीएमसीचा किंवा दुसरा कुठला ईक्यूएएस (अनेक लॅबना एकच नमुना पाठवून होणारी बाहेरची तपासणी) असेल, तर तुमच्याच मशीनच्या गटाची सरासरी घ्या. सीव्ही मात्र निदान महिन्याभराचा हवा, एका दुपारी वीस रन मारून काढलेला नको.

तोवर सोडियमला दर शिफ्टला कंट्रोलच्या दोन्ही लेव्हल आणि वेस्टगार्डचे (कंट्रोलचा आकडा कधी नाकारायचा ते सांगणारे) सगळे नियम लावा. ग्लुकोजला त्यांतले १-३एस, २-२एस, आर-४एस पुरे. नव्या मशीनचं कोटेशन आलंच, तर सोडियमचा सीव्ही किती ते आधी विचारा.